मोटारीची कांच आणि आपला श्वास



"थंडीच्या दिवसांत ए.सी. कशाला?" असा प्रश्न तुम्हांपैकीं कोणी ना कोणी मोटारींत बसतांना केव्हां तरी विचारलाच असेल. प्रश्न सोपा आहे. इतका सोपा, कीं त्याचें उत्तर आपणांस ठाऊकच आहे असें प्रत्येकास वाटतें. आम्हांसही तसेंच वाटत होतें. दंव कसें पडतें हा पाठ वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत असूनही त्या पाठाचा मोटारीच्या कांचेशीं कांहीं संबंध आहे, हें एका जानेवारीच्या पहांटेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. ती पहांट आधीं सांगतों. कारण या लेखाचा उगम तेथेंच आहे.

आमच्या एका वृद्ध आप्तांस सकाळीं लवकर नांदेडच्या रुग्णालयांत पोंचवावयाचें होतें. उमरखेडहून उजाडण्यापूर्वींच आम्ही भाड्याच्या मोटारीनें निघालों. गाडींत रोगी, त्यांची पत्नी, त्यांचा मुलगा, आम्ही आणि चालक असे पांच जण होतों. चालक हा आमचाच जुना विद्यार्थी. नागपुरास दोन वर्षें टॅक्सी चालवून गांवीं परत आलेला. रोग्यास थंडी बाधूं नये म्हणून सर्व कांचा घट्ट लावून घेतल्या होत्या. गांव सुटून थोडा वेळ झाला नाहीं तोंच समोरची कांच दुधासारखी पांढरी दिसूं लागली. मुलानें एका कळीकडे हात नेला व म्हणाला, "सर, जरा ए.सी. लावूं का? कांच धरते आहे."

आम्ही त्याच्यावर जवळजवळ ओरडलोंच. "अरे, मागें आजारी माणूस कुडकुडत आहे, आणि तूं ए.सी. लावतोस?"

गुरुजींपुढें काय बोलावें! त्यानें हात मागें घेतला, आणि एका हातीं चाक व दुसऱ्या हातीं फडकें अशी कसरत करीत तो गाडी हांकूं लागला. फडक्यानें पुसलेली जागा दोन क्षण स्वच्छ राही, आणि पुन्हां पांढरी होई. पैनगंगेच्या पुलाकडे रस्ता उतरूं लागला त्या सुमारास, पुसलेल्या त्या तळहाताएवढ्या जागेंतून एकाएकीं समोर उंसाचीं वाडीं हलतांना दिसलीं. उंसानें लादलेली बैलगाडी होती ती. मागें ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. मुलानें सारें बळ एकवटून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हां ऊंस आणि कांच यांमध्यें चार हातांचेंही अंतर उरलें नव्हतें. गाडीवान पुढेंच पाहत होता. मागें काय घडलें याचा त्या बिचाऱ्यास पत्ताही नव्हता.

गाडी बाजूस घेऊन आम्ही क्षणभर थांबलों. सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें होतें. तेव्हां तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, बाहेर एवढें धुकें नव्हतें. जें होतें तें कांचेवर होतें." एवढें बोलून त्यानें दोन कळा दाबल्या, एक खुंटी फिरविली, आणि दोन मिनिटांत कांच आरशासारखी लख्ख झाली. आश्चर्य हें, कीं गाडींतील ऊब तिळभरही कमी झाली नाहीं. त्या दिवशीं शिष्यानें गुरूस पाठ दिला. तोच पाठ आतां आम्ही तुम्हांस देत आहों.

प्रथम हें पाहूं, कीं कांचेवरचें तें पाणी आलें कोठून? हवेंत पाण्याची वाफ नेहमींच असते. परंतु हवा किती वाफ सामावून घेऊं शकते याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा उष्णतामानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला सुमारें ३० ग्रॅम, २० अंशांना सुमारें १७ ग्रॅम, १० अंशांना सुमारें ९.४ ग्रॅम, आणि शून्य अंशाला अवघें ४.८ ग्रॅम बाष्प धारण करूं शकते. हवा निवत गेली कीं तिची ही धारणशक्ति कमी होत जाते, आणि ज्या उष्णतामानास जवळचें बाष्प तिला सांभाळवेनासें होतें त्यास दंवबिंदु म्हणतात. त्याहून थंड असा पृष्ठभाग त्या हवेस लागला, कीं जादा बाष्प तेथें बारीक थेंबांच्या रूपानें जमतें. पहांटे गवतावर पडणारें दंव आणि उन्हाळ्यांत थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून फुटणारा घाम हीं याच नियमाचीं रूपें होत.

आतां बंद मोटारीचा हिशेब करूं. मनुष्याच्या श्वासावाटे व त्वचेवाटे, घाम आलेला नसतांनाही, दिवसाकाठीं सुमारें ८०० ग्रॅम पाणी बाष्परूपानें बाहेर पडतें. म्हणजे ताशीं सुमारें ३३ ग्रॅम. आम्ही पांच जण होतों. आमचें मिळून ताशीं १६५ ग्रॅम, म्हणजे दर मिनिटास पावणेतीन ग्रॅम झालें. लहान मोटारीच्या आंत सुमारें ३ घनमीटर हवा असते, आणि १० अंशांना तेवढी हवा फार तर २८ ग्रॅम बाष्प धरील. म्हणजे तेवढें सारें बाष्प पांच माणसें केवळ दहा मिनिटांत बाहेर सोडतात! कांचेच्या बाहेरून जानेवारीची हवा वाहत असते, त्यामुळें कांच ही गाडींतील सर्वांत थंड वस्तु होऊन बसते. मग आमचाच श्वास तिच्यावर जाऊन बसला यांत नवल तें काय? आम्ही पैनगंगेच्या धुक्यास दोष देत होतों. वास्तविक तें धुकें आम्हीच गाडींत बसून तयार करीत होतों.

यावर उपाय दोनच संभवतात. एक, कांच इतकी गरम करावी कीं ती दंवबिंदूच्या वर राहील. आणि दुसरा, गाडींतील हवा इतकी कोरडी करावी कीं तिचा दंवबिंदु कांचेच्या उष्णतामानाखालीं जाईल. मोटारींत या दोन्ही उपायांची सोय असते. पहिला उपाय हीटर करतो आणि दुसरा ए.सी. करतो.

हीटरची उष्णता फुकटची असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पेट्रोल जळून जी शक्ति निर्माण होते तिचा ढोबळ मानानें एकतृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. कांहीं धुराबरोबर मागच्या नळींतून, आणि कांहीं इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यांत. हें पाणी सुमारें ९० अंशांपर्यंत तापतें आणि पुढच्या रेडिएटरांत जाऊन निवतें. त्याच पाण्याचा एक फांटा डॅशबोर्डाच्या आंत बसविलेल्या एका छोट्या जाळींतून नेलेला असतो. पंख्याचा वारा त्या जाळींतून गेला कीं गरम होऊन आंत येतो. चुलीवर स्वयंपाक होत असतांना तिच्या वैलावर पाणी तापत ठेवावें, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच गाडी सुरू केल्याबरोबर हीटरमधून गार वारा येतो. इंजिन तापेपर्यंत कांहीं मिनिटें धीर धरावा लागतो. गाडी सावकाश हांकीत निघाल्यास इंजिन लवकर तापतें. जागच्या जागीं घरघरत ठेवल्यास वेळही जातो आणि इंधनही.

परंतु नुसता हीटर पुरत नाहीं. गरम हवा अधिक बाष्प धारण करते खरी, परंतु तें बाष्प गाडींतच राहतें, आणि पंखा बंद पडतांच पुन्हां कांचेवर उतरतें. बाष्प गाडीबाहेर घालविण्याचें काम ए.सी. करतो. ए.सी. म्हणजे थंड करणारें यंत्र एवढीच आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. या यंत्रांत एक शीतकद्रव्य नळ्यांतून फिरत असतें. कॉम्प्रेसर त्यास दाबून तापवितो. गाडीच्या नाकाशीं असलेल्या जाळींत तें वाऱ्यानें निवून द्रवरूप होतें. पुढें एका अरुंद छिद्रांतून जातांना त्यावरील दाब एकदम उतरतो, आणि मग डॅशबोर्डांतील दुसऱ्या जाळींत त्याची पुन्हां वाफ होते. वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच हें कारण; फरक इतकाच कीं माठाचें पाणी उडून जातें आणि येथील द्रव्य बंद नळ्यांतून परत फिरतें.

ही जाळी शून्याच्या थोडीच वर, इतकी थंड असते. तिच्यांतून जाणाऱ्या ओलसर हवेचें बाष्प तेथेंच थेंब होऊन गळतें आणि एका बारीक नळीनें गाडीखालीं टपकतें. उन्हाळ्यांत उभ्या मोटारीखालीं पाण्याचें थारोळें दिसतें, तें हेंच पाणी. म्हणजे जें पाणी आपल्या कांचेवर जमावयाचें, तें ए.सी. आपल्या जाळीवर जमवून बाहेर काढून देतो. जाळींतून कोरडी होऊन निघालेली हवा पुढें हीटरच्या गरम जाळींतून जाऊं शकते. हवा आधीं गार होऊन वाळते आणि मग तापून गाडींत येते, त्यामुळें ए.सी. चालू असूनही माणसास थंडी वाजत नाहीं. आमच्या शिष्यानें त्या पहांटे हेंच केलें होतें. पुष्कळ नव्या मोटारींत समोरच्या कांचेवर वारा सोडण्याची कळ दाबतांच ए.सी. आपोआप चालू होतो, तो याच कारणानें.

आतां दुसऱ्या कळीविषयीं. मोटारीस हवा घेण्याच्या दोन वाटा असतात: एक बाहेरची ताजी हवा आंत घेण्याची, आणि दुसरी आंतलीच हवा पुन्हां पुन्हां फिरविण्याची. धूळ व धूर टाळण्यासाठीं आपल्याकडे दुसरी वाट बहुधा कायमची चालू ठेवलेली असते. उन्हाळ्यांत ती सोयीची. परंतु थंडींत तीच घात करते, कारण पांच माणसांचें बाष्प गाडींतच कोंडलें जातें. बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यांत एकंदर बाष्प थोडें असतें, आणि तापविल्यावर ती चांगली कोरडी होते. म्हणून कांच धुरकटूं लागतांच चार गोष्टी कराव्या: वारा समोरच्या कांचेकडे वळवावा, उष्णतेची खुंटी गरम बाजूस फिरवावी, ए.सी. चालू करावा, आणि बाहेरच्या हवेची वाट उघडावी. ज्या गाडींत ए.सी. नाहीं तिच्या बाजूच्या कांचा दोन बोटें खालीं घ्याव्या. थोडी थंडी सोसेल; आंधळेपणानें धांवणें सोसणार नाहीं. मागील कांचेंत ज्या बारीक आडव्या रेषा दिसतात त्या विजेच्या तारा होत. त्यांची कळ दाबली कीं कांच तापून तिच्यावरील पाणी उडून जातें.

येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. पावसाळ्यांत बाहेरची हवा उबदार व ओलीचिंब असते, आणि ए.सी.च्या गार वाऱ्यानें कांच आंतून निवते. तेव्हां पाणी कांचेच्या बाहेरच्या अंगास जमतें. अशा वेळीं गार वारा कांचेवरून दुसरीकडे वळवून वायपर फिरवावा. पाणी कोणत्या अंगास आहे हें ओळखणें सोपें आहे: आंतून बोट फिरवावें, रेघ उमटली तर पाणी आपलें, न उमटली तर बाहेरचें.

वायपर ही वस्तुही अशाच अडचणींतून जन्मास आली. अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत राहाणाऱ्या मेरी अँडरसन नांवाच्या बाई हिंवाळ्यांत न्यूयॉर्क शहरीं गेल्या असतां, ट्राम हांकणाऱ्यास ओल्या बर्फामुळें समोरचें कांहीं दिसेना, हें त्यांनीं पाहिलें. आंतून दांडा फिरवून बाहेरील कांच पुसण्याची युक्ति त्यांनीं काढली व १९०३ सालीं तिचें पेटंट मिळविलें. मोटारींतील ए.सी. त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं, १९३९ सालीं, अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांत विक्रीस आला.

आपल्या भागांत पाणी गोठण्याइतकी थंडी सहसा पडत नाहीं. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकांठीं कांहीं वर्षीं दंव गोठून पांढरें झालेलें दिसतें. परंतु हे अपवाद होत. तथापि आपले लोक आतां दूरदूर जातात. रोहतांगखालील अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाल्यापासून मनालीपलीकडे भर हिंवाळ्यांत जाणें शक्य झालें आहे. आपल्या जिल्ह्यांतील जवान लडाखमध्यें पहारा करतात. आणि कित्येक घरचीं मुलें कॅनडा-अमेरिकेंत नोकरीस आहेत. तेथें कांचेच्या बाहेर बर्फाचा कठीण थर बसतो. तो हलक्या हातानें खरवडून काढावा आणि आंतून गरम वारा हळूहळू वाढवावा. घाईनें कढत पाणी ओतल्यास कांचेचा वरचा भाग एकदम प्रसरण पावतो, आंतला पावत नाहीं, आणि कांच तडकते. थंड कांचेच्या पेल्यांत उकळता चहा ओतल्यानें पेला तडकतो, तसेंच हें. फार थंडींत ए.सी.चा कॉम्प्रेसर बहुधा चालतच नाहीं, कारण त्याच्या जाळीवर बर्फ धरेल. परंतु तेथील हवेंत बाष्पच इतकें थोडें असतें, कीं हीटर व ताजी हवा पुरेशी होते.

इंजिनाच्या पाण्याचीही काळजी घ्यावी लागते. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें. नुसतें पाणी भरलेला रेडिएटर अशा थंडींत फुटूं शकतो. म्हणून पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल नांवाचें द्रव्य मिसळतात. दोन्ही समभाग घेतल्यास तें मिश्रण शून्याखालीं सुमारें ३५ अंशांपर्यंत गोठत नाहीं. हें द्रव्य चवीस गोड परंतु विषारी आहे. लहान मुलें व गुरें यांपासून तें दूर ठेवावें. कॅनडांत तर इंजिन रात्रभर गोठूं नये म्हणून त्यास बसविलेला विजेचा हीटर घरच्या विजेस जोडून ठेवण्याची रीत आहे.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या मोटारी आपल्याही रस्त्यांवर दिसूं लागल्या आहेत. त्यांत इंजिन नाहीं, अर्थात् वायां जाणारी फुकटची उष्णताही नाहीं. ऊब हवी असेल तर ती बॅटरींतूनच खर्चावी लागते, व गाडीचा पल्ला तितका घटतो. म्हणून कांहीं गाड्यांत ए.सी.च उलटा चालवून बाहेरची उष्णता आंत आणण्याची योजना असते.

शेवटीं एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून बंद गाडींत कधींही निजूं नका. इंधन पुरतें न जळाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं; परंतु रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट बळानें चिकटतो, आणि माणूस गुदमरत असल्याचें त्याचें त्यालाच कळत नाहीं. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते. आणि ती झोंपच शेवटची ठरते. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मुरी या थंड हवेच्या ठिकाणीं शेंकडों मोटारी बर्फाच्या वादळांत अडकल्या आणि वीसांहून अधिक माणसें दगावलीं, त्यांत लहान मुलेंही होतीं. त्यांपैकीं कित्येकांचा बळी थंडीनें नव्हे, तर याच वायूनें घेतला. धूर सोडणारी नळी बर्फांत बुजली, कीं धूर गाडींतच शिरतो. आपल्याकडे बर्फ नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये: दार लावलेल्या शेडमध्यें चालू ठेवलेली मोटार आणि बंद खोलींत रात्रभर ठेवलेली कोळशाची शेगडी, दोन्हींतून हाच वायु येतो.

मित्रहो, हें सारें तुम्हांस घरच्या घरीं पडताळून पाहतां येईल. डिसेंबरांत एखाद्या पहांटे घराबाहेर ठेवलेली आरशाची कांच उचला आणि तिच्यावर हळूच श्वास सोडा. ती धुरकटेल. मग तीच कांच चुलीजवळ किंचित् शेकून पुन्हां श्वास सोडा. ती स्वच्छच राहील. मोटारीचा हीटर काय करतो हें तुम्हांस कळलें. ए.सी. काय करतो हें पाहावयाचें असेल, तर थंड पाण्याच्या तांब्याखालीं जमलेलें ओलें वर्तुळ बोटानें चांचपून पाहा. तें पाणी हवेंतून काढलेलें आहे.

आणि एक विनंती आहे. पुढें तुम्ही मोठे व्हाल, मागें बसाल, आणि चालक एखादी गोष्ट सुचवील. तो वयानें लहान असेल, कदाचित् तुमचाच विद्यार्थी असेल. त्यास गप्प करण्यापूर्वीं एकदां "कां रे बाबा?" एवढें विचारा. आम्हीं तें विचारलें नाहीं. आणि आमच्या या चुकीचें मोल त्या पहांटे चार हातांच्या अंतरानें टळलें. आमचे आप्त वेळेवर रुग्णालयांत पोंचले व बरे होऊन घरीं आले. परत येतांना आम्ही पुढच्या आसनावर बसलों आणि त्या मुलास म्हणालों, "बाबा, आतां ए.सी. लाव." तो हंसला, आणि आम्ही खुंटीकडे बोट दाखवून पुढें म्हणालों, "ही कशासाठीं, तें आतां तूंच आम्हांस नीट समजावून सांग."